पावचं कार्ड

कराडहून निघाले त्या दिवशी सकाळी आमच्या जिन्यात कोंडी झाली होती. माझ्या दोन बॅगा खाली उतरत होत्या आणि भाडेकरूंचं लोखंडी कपाट वर चढत होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन्ही अडकलं. हमाल एकमेकांवर ओरडत होते, माझा मुलगा अमोल एक बॅग डोक्यावर धरून उभा होता आणि मी माझ्याच घराच्या जिन्यात भिंतीला चिकटून उभी होते. भाडेकरूंची सून वरून वाकून म्हणाली, "काकू, आधी तुम्ही जा. आम्हाला काय, आता इथंच राहायचंय."

पोरगी चांगली होती, तिच्या मनात काही नव्हतं. तरी ते वाक्य मुंबईच्या विमानतळापर्यंत माझ्याबरोबर आलं.

शैला, तू खाली गाडीपाशी रडत उभी होतीस. मीच, थोरल्या बहिणीच्या हक्काने, तुला दटावलं, "सहा महिन्यांची तर गोष्ट आहे. डोळे पूस आधी." हे लिहितेय ते तुझ्यासाठी. आणि इथे ऑकलंडला रविवारी देवळाच्या हॉलमध्ये भेटणाऱ्या माझ्यासारख्या आज्यांसाठीही. आम्ही एकमेकींना गुडघ्यांबद्दल विचारतो, नातवंडांबद्दल विचारतो, आणि जे विचारायचं असतं ते सोडून घरी जातो.

अमोलचे बाबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. अमोल रजा काढून मला न्यायलाच आला होता. "सहा महिने राहून बघ आई," म्हणाला. "नाही करमलं तर परत." मी बत्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून नोकरी केली. आरोग्य केंद्र, उपकेंद्र, वाड्या-वस्त्या, डोक्यावर लसींचा डबा. माझ्या भागात मला मंगल म्हणून कुणी ओळखत नव्हतं, सगळ्यांची मी सिस्टर. एवढं फिरलेल्या बाईला सहा महिने परक्या देशात काढणं काय अवघड, असं मला वाटलं होतं.

अमोलचं घर ईस्ट टामाकीच्या कारखान्यांच्या अलीकडे, नव्या वसाहतीत आहे. सगळी घरं करड्या छपरांची, सगळे गॅरेजचे दरवाजे पांढरे. अमोल कॉम्प्युटरच्या कंपनीत, सून प्राची जवळच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. नात इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आठ वाजता तिघं बाहेर पडली की गॅरेजचं दार घरंगळत खाली यायचं आणि मग दुपारी तीनपर्यंत मी आणि हीटपंपाची घरघर. जुलैची थंडी, बारीक पाऊस, रस्त्यावर माणूस नाही. दुसऱ्या आठवड्यात मी एकटी चक्कर मारायला निघाले आणि हरवले. आपलं घर कुठलं तेच कळेना. तासभर फिरून शेवटी नंबर वाचत वाचत सापडलं. संध्याकाळी अमोलने माझ्या फोनमध्ये लोकेशन चालू करून दिलं. म्हणाला, "आता तू कुठेही असलीस तरी मला दिसशील." त्यानंतर मी बाहेर जायचीच बंद झाले. खिडकीत बसायचे. समोरच्या घराचा कचऱ्याचा डबा बाहेर आला की मंगळवार, एवढंच कळायचं.

सप्टेंबरमध्ये कुत्र्याचं पिल्लू आलं.

मला आधी सांगितलं नव्हतं. शनिवारी तिघं कुठेतरी गेली आणि येताना इराच्या मांडीवर आठ आठवड्यांचा पांढरा गोळा. "आजी, ही'ज पाव्हलोव्हा!" पाव्हलोव्हा म्हणजे इथला अंड्याच्या पांढऱ्याचा गोड पदार्थ. घरात त्याचं लगेच पाव झालं. इराने तो माझ्या अंगावर दिला तशी मी किंचाळून मागे सरले आणि मागच्या खुर्चीला धडकले. पोरीचं तोंड एवढंसं झालं. प्राची म्हणाली, "आई, अहो पिल्लू आहे."

पिल्लू आहे म्हणूनच. शैला, तुला हिराबाई आठवत नसेल, मी घरी कधी नीट सांगितलंच नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिला बैलगाडीतून केंद्रात आणलं होतं. दीड महिन्यापूर्वी दारात आलेलं पिल्लू तिला चावलं होतं. पिल्लूच तर होतं, म्हणून तिने जखमेवर मिरची भरली आणि विसरून गेली. मी तिच्यासमोर पाण्याचा पेला धरला तेव्हा तिचा गळा आवळला, डोळे फिरले. ती पूर्ण शुद्धीवर होती. मला म्हणाली, "सिस्टर, तहान लागलीय पण पिववत नाही." आम्ही काहीही करू शकलो नाही. तेव्हापासून मोठ्या कुत्र्यापेक्षा मला पिल्लाची भीती जास्त. अमोल म्हणाला, इथे या देशात तो रोगच नाही, कधी नव्हता. मी म्हटलं, माहीत आहे. डोक्याला माहीत असून अंगाला कळत नाही, त्याला काय करायचं?

पुढच्या आठवड्यात तिघं पिल्लांच्या शाळेत गेली. हो, अशी शाळा असते, शनिवारी सकाळी, एका हॉलमध्ये. शिकवणारी बाई ट्रेसी. तिने एक यादी दिली होती. पिल्लू सोळा आठवड्यांचं व्हायच्या आत त्याला जगातलं जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवायचं. दाढीवाला माणूस, टोपीवाला माणूस, काठी टेकत चालणारी बाई, छत्री उघडताना, लहान बाळ, सायकल, ट्रक, व्हॅक्यूम, गवत, खडी, लोखंडी जाळी. पंजे हातात घेणं, कान उघडून बघणं. जबरदस्ती नाही, लांबून दाखवायचं, घाबरलं तर मागे यायचं, नाही घाबरलं तर खाऊ द्यायचा. या दिवसांत जे भेटतं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. जे भेटत नाही त्याची भीती बसते, आणि ती बसली की मग काढणं फार कठीण. एक अडचण होती. लसी पूर्ण झालेल्या नसल्यामुळे त्याला रस्त्यावर खाली सोडायचं नाही. कडेवर घेऊनच हिंडवायचं.

"दिवसभर घरी तूच आहेस ना आई," अमोल म्हणाला. "थोडं थोडं बाहेर नेशील?"

मी नाही म्हटलं. साफ नकार दिला. पहिले चार दिवस पाव त्याच्या पिंजऱ्यात आणि मी सोफ्यावर. तो रडायचा, मी दुसरीकडे बघायचे. पाचव्या दिवशी मी ती यादी भिंगाखाली धरून पुन्हा वाचली. शेवटी एक ओळ होती, ही खिडकी बंद झाली की पुन्हा उघडत नाही. आणि मला एकदम डोस चुकलेल्या मुलांसाठी घातलेले हेलपाटे आठवले. गोवराची लस राहिली म्हणून मी एकेका पोरासाठी ओढा ओलांडून गेले आहे. बत्तीस वर्षांत माझ्या भागातलं लसीकरणाचं एकही कार्ड मी अर्धं सोडलं नव्हतं. पहिल्या पोस्टिंगला जाताना आईने एकच सांगितलं होतं, "भ्यालीस तर हाताला काम दे." मी इराच्या वहीतला पुठ्ठा घेतला, पट्टीने रकाने आखले, आणि मराठीत लिहिलं, नाव पाव, वय नऊ आठवडे. फ्रीजवर चिकटवलं.

पहिली नोंद होती कुकरची शिट्टी. ती ट्रेसीच्या यादीत नव्हती, पण आमच्या घरात राहायचं तर ती आधी. वरण लावलं, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. शिट्टी झाली, पाव मुतला. दुसऱ्या शिट्टीला मी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा लांबूनच फेकला. पाचव्या शिट्टीला तो शेपूट हलवत माझ्याकडे बघायला लागला. मी कार्डावर खूण केली.

मग जुन्या सुती साडीची झोळी शिवली. बाळंतिणींना शिकवायचे तशी, एका खांद्यावरून, पोटाशी. हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून मी त्याला झोळीत उतरवलं. पहिल्या दिवशी फक्त फाटकापर्यंत गेले. त्याचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. माझंही तसंच होत असणार.

असे मग रोज निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, ज्याला इथे डेअरी म्हणतात. तिथला पंजाबी मालक दाढीवाला आणि पगडीवाला, एका फेरीत दोन खुणा. शाळेच्या फाटकापाशी मुलांचा कलकलाट. कचऱ्याचा ट्रक यायच्या वेळी मी मुद्दाम खिडकीतून उठून बाहेर जायला लागले. पण ही सगळी वसाहत आठ दिवसांत संपली. फोर्कलिफ्ट, वेल्डिंग, मागे येणाऱ्या ट्रकचा टीटी आवाज हे सगळं मोठ्या रस्त्यापलीकडे, गोदामांकडे होतं. एका सकाळी सिग्नलचं बटण दाबून मी रस्ता ओलांडला.

एका गोदामाच्या जाळीच्या फाटकाबाहेर उभी राहिले. आत फोर्कलिफ्ट लाकडी फळ्या उचलत होती. पावने झोळीतून डोकं काढलं आणि लगेच आत घातलं. फोर्कलिफ्ट थांबली. चकचकीत पिवळं जाकीट घातलेली, इथल्या मूळ लोकांतली, माओरी बाई खाली उतरून आली, दांडगी, हनुवटीवर गोंदण. फाटकापाशी येऊन त्यांच्या भाषेत नमस्कार घालत म्हणाली, "किया ओरा, सिस. यू ओके?"

शैला, मी दोन मिनिटं बधिर झाले. सिस्टर म्हणाली ती मला. हिला कसं कळलं? नंतर समजलं, इथे कुणाही बाईला प्रेमाने तसं म्हणतात. पण तोवर मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगून बसले होते, येस, सिस्टर, थर्टी टू इयर्स, गव्हर्नमेंट. ती हसली नाही. "माय नॅन वॉज अ नर्स टू," म्हणाली. नॅन म्हणजे आजी. तिचं नाव मेरे. तिच्या चहाच्या सुट्टीला ती स्मोको म्हणायची. रोज दहाला स्मोको, त्या वेळी मी जायचे. ती इंजिन बंद असताना पावला फोर्कलिफ्टजवळ आणायची, मग चालू करून लांब न्यायची, पुढच्या दिवशी थोडी जवळ. जाकीट, हेल्मेट, ट्रकचा हॉर्न, सगळ्या खुणा तिथे झाल्या. आमचं बोलणं असं फार व्हायचं नाही. पण माझ्या दिवसात दहा वाजायला लागले होते.

चौथ्या दिवशी फोन वाजला. अमोल. आवाज चढलेला. "आई, तू कुठे आहेस? इंडस्ट्रियल एरियात दिसतेयस! हरवलीस का?"

"नाही रे. पावला फोर्कलिफ्ट दाखवतेय."

"एकटीने रस्ता ओलांडलास? मला विचारायचं तरी."

मी मेरेकडे पाठ करून हळू बोलत होते, चोरी पकडली गेल्यासारखी. घरी आले आणि दुसऱ्या दिवशी गेले नाही.

त्याच दिवशी तो चावला. कान उघडून बघायची नोंद करत होते, दात शिवशिवत असतील, वळला आणि माझ्या अंगठ्याच्या बुडाशी सुईसारखे दात. रक्त आलं. चावणं मुद्दाम नव्हतं, हे मलाही कळत होतं. मी त्याला खाली ठेवलं, धुण्याच्या खोलीत गेले, नळ सोडला आणि साबणाने हात धुवायला लागले. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जसं शेकडो लोकांना सांगितलं तसं. इथे तो रोग नाही, नाही, नाही, असं तोंडाने मोठ्याने म्हणत होते. बंद घरात दुसरं कुणी नव्हतं ते ऐकायला. मग मी तिथेच फरशीवर बसले. पाव दारात आला. मला बघून थबकला. मग त्याच्या वाटीकडे वळला आणि लप लप पाणी प्यायला लागला. जिभेने पाणी उडवत, खुशाल. मी त्याचा गळा बघत राहिले. घोट खाली उतरत होते. हिराबाईनंतर इतक्या वर्षांनी मी त्या दिवशी पोटभर रडले.

घरी कुणाला सांगितलं नाही. अंगठ्याला पट्टी बघून प्राचीने विचारलं तर विळीने कापलं म्हटलं.

दुसऱ्या लसीला जनावरांच्या डॉक्टरकडे अमोल आणि इराबरोबर मीही गेले. लस म्हटल्यावर मला राहवेना. काउंटरवरची मुलगी, ज्या बाईंकडून पाव आणला होता त्यांनी दिलेली फाइल बघून कॉम्प्युटरमध्ये भरत होती. टाइप करता करता मोठ्याने वाचत होती. "प्रायमरी केअरगिव्हर, ग्रँडमदर. होम फुल टाइम. पर्मनंट मेंबर ऑफ द हाउसहोल्ड. स्टिल करेक्ट?"

अमोल पटकन म्हणाला, "येस."

मला इंग्रजी बोलायला जड जातं, वाचायला नाही. कागद काउंटरवर माझ्यासमोरच होता. आमच्या पिल्लासाठी नाव नोंदवायचा अर्ज. अक्षर अमोलचं. तारीख मेची. मेमध्ये मी कराडात लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. मला विचारायलाही तो अजून आला नव्हता.

टोचताना पाव कुंई करून माझ्या कुशीत शिरला, मी त्याला थोपटलं. गाडीत बसल्यावर म्हटलं, "अमोल, पर्मनंट म्हणजे काय रे?"

त्याने गाडी सुरू केली नाही. मागे इरा पावला घेऊन बसली होती.

"आई, तो फॉर्म आहे फक्त. दिवसभर घरी कुणी नसेल तर ते लोक पिल्लू देत नाहीत."

"म्हणजे पिल्लासाठी मी, का माझ्यासाठी पिल्लू?"

त्याने स्टिअरिंग धरलं. मग म्हणाला, "दोन्ही. तुला सोबत होईल असं वाटलं. तुझं मन रमेल. तिथे कोण आहे आई तुझं?"

"शैला आहे. माझी माणसं आहेत. माझं घर आहे."

"घर भाड्याने आहे."

"ते तू दिलंस."

"मग काय करू?" तो एकदम ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "बाबांच्या वेळी मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. दोन विमानं बदलून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मला त्यांचं तोंड बघता आलं नाही. परत तसा फोन मला नकोय. कळतंय का तुला?"

कळत होतं. तेच तर वाईट होतं. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. माझ्या पोराने भीतीपोटी मला आणून इथे ठेवलं होतं, नीट ऊब-बिब करून, आणि दिवसातून चार वेळा मी आहे ना ते फोनमध्ये बघत होता. मी म्हटलं, "तू मला सहा महिने सांगितले होतेस."

मागून इराचा बारीक आवाज आला, "आजी, आर यू गोइंग अवे?"

पुढचे आठ-दहा दिवस घरात सगळे फार चांगले वागत होते. प्राची माझ्या आवडीची भाजी आणायची, अमोल अवोन्डेलच्या रविवारच्या बाजाराला घेऊन गेला. झोळीत पाव, चारी बाजूंना गर्दी, भाज्यांचे ढीग, तारोचे कंद, मेथीच्या जुड्या, नाना भाषांचा गलका, एवढ्या खुणा एका दिवसात कधी झाल्या नव्हत्या. मी मेथी निवडून घेत होते आणि मनात येत होतं, सगळं तर मिळतं इथे, मग मला श्वास का पुरत नाही? बाजारातून घरी आलो, गॅरेजचं दार खाली आलं, आणि उत्तर मिळालं. बाजाराला मी गेले नव्हते. मला नेलं होतं.

शाळेच्या शेवटून दुसऱ्या शनिवारी मी ट्रेसीसमोर माझं कार्ड ठेवलं. मी वाचत गेले आणि इराने एकेक ओळ इंग्रजीत करून सांगितली. फटाके सुद्धा झाले होते, इरा टॅबवर बारीक आवाजात लावायची आणि मी खाऊ द्यायचे. ट्रेसीने सगळं ऐकलं, पावचे पंजे, कान, दात बघितले, त्याला जमिनीवर सोडून काठी आपटली. तो वास घ्यायला पुढे गेला. तिने माझा खांदा दाबला. मग विचारलं, आणि एकटा राहतो का हा?

मी इराकडे बघितलं. ते यादीत होतं, मागच्या पानावर. घरी एकटं राहण्याची सवय. एक मिनिट, मग दोन, मग पाच. मी ते पान उलटलंच नव्हतं, कारण मी कायम घरातच. पाव या घरात आल्यापासून क्षणभर एकटा राहिला नव्हता. ट्रेसी म्हणाली, ज्या पिल्लाला कुणी सोडून जात नाही त्याला वाटायला लागतं की सोडून जाणं म्हणजे मरण. मग पुढे दार लागलं तरी ते वेडंपिसं होतं. तीन आठवडे उरले आहेत तुमच्याकडे.

इराने हे मराठीत कसं सांगावं म्हणून थोडा विचार केला. मला गरज नव्हती.

सोमवारी सगळे गेल्यावर मी पावला त्याच्या गादीवर बसवलं, खाऊ भरलेलं खेळणं दिलं आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिले. दार लावून घेतलं. आतून रडणं सुरू झालं. मी दाराला टेकून घड्याळ बघत होते. एक मिनिट काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ट्रेसीचं सांगणं होतं, तो रडायचा थांबला की त्या क्षणी आत जा, रडत असताना नको. मी कपाळ दाराला लावून म्हणत होते, थांब रे राजा, थांब. तो श्वास घ्यायला थांबला तशी मी आत. बोलायचं नाही, लाड नाही, जशी काही गेलेच नव्हते.

दोन मिनिटं. पाच. मग फाटकाबाहेर. मग गल्लीच्या टोकापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात मी अर्धा तास बाहेर राहायला लागले. खेळण्याशेजारी फोनही घरातच ठेवायचे, मुद्दाम. अमोलला मी घरात दिसत असणार. झोळी नाही, पर्स नाही, दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा चालताना हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मेरेकडे गेले तर तिने विचारलं, पिल्लू कुठाय? मी म्हटलं, होम. अलोन. लर्निंग. ती म्हणाली, "अँड यू?" तिने तिच्या डब्यातला अर्धा केक माझ्या हातावर ठेवला आणि आम्ही फळ्यांच्या ढिगावर बसून खाल्ला.

एक दिवस परत आले तर अमोल दारात. डोकं दुखतंय म्हणून लवकर आला होता. तोंड पांढरं पडलेलं, हातात माझा फोन. "फोन इथे, तू नाहीस. सगळं घर शोधलं मी. बाथरूमचं दार ठोठावत होतो." पाव त्याच्या पायाशी गादीवर आडवा पडून झोपला होता.

मी चपला काढल्या. त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "किती वेळ झाला तुला येऊन?"

"वीस मिनिटं."

"आणि हा रडत होता?"

त्याने खाली बघितलं. "नाही. झोपलाच होता."

"मी अर्धा तास बाहेर होते. मी गेले म्हणजे काही झालं असं नाही अमोल. तुझे बाबा गेले तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते. चहा गाळत होते. शेजारच्या खोलीत असूनही मला पोचता आलं नाही." हे मी त्याला आधी कधी सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. "तू मला किती जवळ ठेवणार आहेस?"

तो रडला. चाळीस वर्षांचा माणूस, आयडी कार्ड गळ्यात तसंच. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लगेच समजूत घातली असती तर तो रडायचा थांबला असता, आणि मला ते नको होतं.

नोव्हेंबर सरता सरता कार्ड पूर्ण झालं. तिसरी लस झाली, पाव स्वतःच्या पायांनी चालायला लागला. इराचे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, चारी जोड त्याने खाल्ले. तो आता दिवसाचे चार तास एकटा राहतो. माझी भीती गेली असं खोटं सांगणार नाही. अजूनही त्याच्या तोंडात हात घालायचा झाला तर मी आधी त्याला पाणी पिताना बघून घेते.

जानेवारी आला आणि सहा महिने भरले. कुणीच विषय काढला नाही. मीही तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर मीच म्हटलं, "फेब्रुवारीचं तिकीट काढ." प्राचीने अमोलकडे बघितलं. अमोलने लॅपटॉप उघडला.

शैला, तर मी येतेय. भाडेकरूंचा करार जूनपर्यंत आहे, त्यांना उठवायचं नाही, सुनेला दिवस गेलेत म्हणे. म्हणजे तोवर तुझ्याकडे, तुझ्या पुढच्या खोलीत. माझ्या गावात मी पाहुणी म्हणून येणार आणि माझ्या घराखालून दुसऱ्याचे पडदे बघत जाणार. इथे माझी स्वतःची खोली आहे, सकाळचं ऊन येतं, आणि त्या खोलीत मला कोंडल्यासारखं होतं. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर पूर्वी मी पत्ता सांगायचे, पेठ, चौक, मजला. आता एका पत्त्यावर भागत नाही.

लॅपटॉपवर अमोलने जायची तारीख निवडली. मग मान वर न करता विचारलं, "परतीची कधीची टाकू?"

"एकच बाजूची काढ. पुढचं मी तिकडून बघेन."

त्याची बोटं थांबली. लहानपणी मी फिरतीवर निघाले की हा दाराची कडी धरून उभा राहायचा आणि विचारायचा, आई, येशील ना? मी चपला घालता घालता न बघता म्हणायचे, हो रे, लगेच. कधी दोन दिवस लागायचे, कधी तीन. आता त्याचे कानशिलाकडचे केस पांढरे झालेत आणि त्याने तसंच विचारलं, त्याच आवाजात.

"येशील ना आई?"

'हो' तोंडापर्यंत आला होता. मी तो गिळला. माझं मलाच अजून माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना हो म्हणायची माझी सवय मला या घरापर्यंत घेऊन आली होती. मी चहाचा कप जवळ ओढला. इरा खायची थांबली होती. प्राचीही बघत होती. मी एक घोट घेतला, मग दुसरा.

अमोलने पुन्हा विचारलं नाही. माझ्या वतीने उत्तरही दिलं नाही. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून, हात मांडीवर घेऊन, तो माझ्या उत्तरासाठी थांबून राहिला.